सुरीची धार : समज आणि वस्तुस्थिती

‘सुरी बोथटच बरी, बोट तरी कापत नाही’ असं अनेक घरांत मानतात. होतं नेमकं उलटं. बोथट पातं टोमॅटोच्या सालीत शिरत नाही, म्हणून आपण जोर लावतो. पातं सटकतं आणि तो सगळा जोर बोटावर येतो.

सुऱ्यांच्या संचात येणारी पोलादी कांडीही धार लावत नाही. वापराने धारेची अतिबारीक कड एका अंगाला कलते, तिला कांडी सरळ करते, एवढंच. कड झिजून गोल झाली की पोलाद घासूनच काढावं लागतं, आणि त्याला दगड हवा. तो महागडा जपानीच हवा असं मुळीच नाही. हार्डवेअरच्या दुकानातला दुहेरी कार्बोरंडम दगड घरासाठी पुरतो. खरखरीत बाजू पात्याला खाचा पडल्या असतील तरच वापरा. आकडे छापलेला दगड घेणार असाल तर आकडा जितका मोठा तितका दगड बारीक. भाजीच्या सुरीला 1000 पुष्कळ झाला. दगडावर गोडेतेल मात्र नको. ते चिकट होऊन छिद्रं बुजवतं. साधं पाणी चालतं.

खरी मेख कोनात आहे. पातं दगडाशी 15 ते 20 अंशांत धरायचं; म्हणजे अडीच सेंटिमीटर रुंद पात्याची पाठ जेमतेम पाऊण सेंटिमीटर उचललेली. एक बाजू घासत राहा, पलीकडच्या बाजूला पूर्ण लांबीभर बारीक खरखरीत कंगोरा हाताला लागेपर्यंत. (अंगठा धारेच्या दिशेने नव्हे, पाठीकडून धारेबाहेर हलकेच न्यायचा.) मग दुसरी बाजू तशीच, आणि शेवटी आलटून पालटून हलके हात मारून तो कंगोरा काढून टाकायचा. ‘इतकं घासलं तरी धार नाही’ म्हणणारे बहुतेक जण कंगोरा यायच्या आधीच थांबलेले असतात.

कपाच्या बुडावर सुरी घासणाऱ्या आजीला हसू नका. तिथलं झिलई नसलेलं कडं पोलादाहून कठीण असतं. नड भागते.

फिरत्या चाकावर ठिणग्या उडाल्या म्हणजे धार झकास, हेही खरं नाही. त्या जळणाऱ्या पोलादाच्या कणांच्या असतात. कड तापून निळी पडली तर तिचं पाणी उतरतं आणि धार फार टिकत नाही. पातं मधूनमधून पाण्यात बुडवायला धारवाल्याला सांगा.

आणि ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा काचेच्या बोर्डवर भाजी चिरत असाल, तर आधी लाकडी पाट आणा, दगड नंतर.