त्या रात्रीचा जल्लोष आणि त्याचा हिशेब

२० मार्च १९७७ ची रात्र ज्यांनी जागून काढली, त्यांतील तेव्हाचे विद्यार्थी आज पासष्टी-सत्तरीच्या घरात आहेत. पण तो विषय निघाला की त्यांच्या आवाजाला वेगळाच तजेला येतो. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांसमोर लोटलेली गर्दी, फळ्यावर खडूने उमटणारे आकडे, कानाशी धरलेला ट्रान्झिस्टर आणि ओळखदेख नसलेल्या माणसाने हातावर ठेवलेला पेढा! तपशील माणसागणिक बदलतात. सूर मात्र एकच असतो.

हा जल्लोष समजून घ्यावयाचा तर त्याआधीची शांतता ध्यानात घेतली पाहिजे. २५ जून १९७५ रोजी आणीबाणी पुकारली गेली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आले, विरोधी पक्षांचे नेते तुरुंगात गेले आणि उपाहारगृहात बोलतानाही माणसे मागे वळून पाहू लागली. डिसेंबर १९७५ मध्ये कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवतांनी निर्भयपणे निषेधाचा सूर लावला. पुढे त्यांना कारावास घडला. जानेवारी १९७७ मध्ये निवडणुका जाहीर झाल्यावर पु. ल. देशपांडे प्रचारसभांच्या व्यासपीठावर उभे राहिले. कोंडलेल्या वाफेला वाट मिळाली ती अशी.

आणि मग निकाल आले. रायबरेलीत खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधी ५५,२०२ मतांनी पराभूत झाल्या. अमेठीत संजय गांधी हरले. उत्तर प्रदेशातील ८५ आणि बिहारमधील ५४ जागांपैकी एकही काँग्रेसच्या हाती लागली नाही. मुंबईच्या सहाही जागा विरोधकांकडे गेल्या. तुरुंगात असलेले जॉर्ज फर्नांडिस मुझफ्फरपूरमधून तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले.

मतदार पोटाकडे पाहून मत देतो, असे एक ठोकळेबाज सूत्र आहे. त्या सूत्राने पाहिले तर हा निकाल सहजी उलगडत नाही. १९७४-७५ मध्ये घाऊक किमती सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या होत्या. १९७५-७६ मध्ये त्या किंचित उतरल्या. पाऊस चांगला झाला आणि अन्नधान्याचे उत्पादन १२ कोटी टनांवर पोचले. १९७६ मध्ये भाव पुन्हा चढू लागले हे खरे. परंतु तेवढ्याने एवढी उलथापालथ होत नसते. हिशेबाच्या दुसऱ्या बाजूला निराळ्या रकमा मांडलेल्या होत्या. कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला गेला होता आणि १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या होत्या. स्वस्त धान्याच्या बदल्यात आपला देह आणि आपला शब्द गहाण पडतो आहे, हे निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या मतदाराने अचूक ओळखले.

तथापि आठवणींचाही हिशेब तपासावा लागतो. त्या रात्री सारा देश आनंदला होता, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. काँग्रेसने आंध्र प्रदेशात ४२ पैकी ४१ आणि कर्नाटकात २८ पैकी २६ जागा जिंकल्या. महाराष्ट्रातही ४८ पैकी २० जागा मिळवून तोच पक्ष किंचित पुढे राहिला. जुलूम जेथे अंगावर आला तेथे रोष उसळला. जेथे त्याची झळ कमी, तेथे जुनी निष्ठा टिकली. पुढे जुलै १९७९ मध्ये जनता सरकार आपसातील भांडणांनी कोसळले आणि जानेवारी १९८० मध्ये त्याच मतदारांनी इंदिरा गांधींना ३५३ जागा देऊन परत आणले.

मग ते पेढे फुकटच गेले काय? तसे नव्हे. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, आणीबाणीत स्थानबद्ध नागरिकाला स्वातंत्र्यासाठी न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असा निर्णय बहुमताने दिला होता, न्यायमूर्ती ह. रा. खन्ना एकटे विरोधात उभे राहिले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ते दार पुन्हा उघडले. ‘अंतर्गत अशांतता’ या ऐसपैस शब्दांच्या जागी ‘सशस्त्र उठाव’ हे शब्द आले, मंत्रिमंडळाचा लेखी निर्णय आवश्यक ठरला आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, अशी तरतूद झाली. सरकार गेले, कलम राहिले.

म्हणूनच त्या रात्रीची गोष्ट नातवंडांना सांगताना आजोबांनी पेढ्यापाशी थांबू नये. २१ मार्चला आणीबाणी उठली आणि २४ मार्चला मोरारजी देसाईंचा शपथविधी झाला. सर्वशक्तिमान भासणारी सत्ता फळ्यावरच्या खडूच्या आकड्यांपुढे वाकली, याचा तो आनंद होता. पण आनंदाची मुदत एका रात्रीची असते. तो कायद्यात उतरवण्याचे रुक्ष काम दिवसाउजेडी करावे लागते. ज्या पिढीला पहिले आठवते आणि दुसऱ्याचा विसर पडतो, तिला तीच रात्र पुन्हा पहिल्यापासून जागावी लागते.