लिलावातील बोली आणि खेळाडूची भाकर

भातकापणी आटोपून खळी रिकामी झाली, की पेण आणि रोहा तालुक्यांतील गावांत कबड्डीचे दिवस सुरू होतात. देवळापुढील किंवा शाळेमागील पटांगण सपाट करावयाचे, माती चाळून पसरावयाची, पाणी शिंपून ती चोपून काढावयाची आणि रात्री दिव्यांच्या उजेडात सामने खेळवावयाचे, ही येथील जुनी रीत आहे. संघाचे नाव बहुधा ग्रामदैवताचे आणि खेळाडू गावातलेच. १९८१ साली कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले, पुढे पेणहून रोह्यापर्यंत रेल्वे आली, भातशेतीच्या कडेला कारखाने उभे राहिले. परंतु या मातीची ओढ कमी झाली नाही.

गावचा संघ बांधताना कधी कागद लागला नाही. कोणाचा मुलगा चढाईत चपळ, कोणाची डाव्या कोपऱ्यातील पकड पोलादी, हे गावाला ठाऊक असे. मुलगा गावाकडून खेळे, कारण तो गावचा असे. मोबदला म्हणजे चषकातील वाटा आणि चारचौघांत मिळणारी शाबासकी. त्यापलीकडे एक आशा मात्र असे, ती नोकरीची. मध्य रेल्वे, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, महिंद्र, महाराष्ट्र पोलीस या संघांनी मराठी कबड्डीपटूंच्या अनेक पिढ्या पोसल्या. तेथे मिळणारे वेतन डोळे दिपविणारे नसे. पण ते गुडघा दुखावल्यानंतरही मिळे आणि निवृत्तीनंतरची तजवीजही त्यात असे. करार हा शब्द कोणी उच्चारला नाही, तरी तो एक प्रकारचा दीर्घ मुदतीचा करारच होता.

२०१४ साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हे गणित बदलले. पहिल्या लिलावात राकेशकुमार या नामांकित खेळाडूला पाटण्याच्या संघाने १२ लाख ८० हजार रुपयांना घेतले, तेव्हा ती रक्कम सर्वांत मोठी होती. २०२३ मध्ये पवन सेहरावत याच्यावरील बोली २ कोटी ६० लाख ५० हजारांवर पोहोचली. ज्या खेळाला शहरी सुशिक्षितांनी एकेकाळी हुतूतू म्हणून बाजूस सारले होते, त्याला ही किंमत यावी याचा आनंदच मानला पाहिजे. पैशाने खेळ भ्रष्ट होतो असा सूर काढणे सोपे असते. पण खेळाडूने उपाशीपोटी निष्ठा जपावी, असे सांगण्याचा अधिकार प्रेक्षकाला नाही.

तथापि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत येणारा आकडा हा शिखराचा असतो, पायथ्याचा नव्हे. २०२४ च्या हंगामासाठी प्रत्येक संघाला खेळाडूंवर ५ कोटी रुपयांपर्यंतच खर्च करता येत होता आणि संघात किमान १८ खेळाडू असणे आवश्यक होते. त्या वर्षी तमिळ थलैवाज संघाने एकट्या सचिन तन्वरसाठी २ कोटी १५ लाख मोजले. म्हणजे एकूण मर्यादेतील ४३ टक्के रक्कम एका चढाईपटूवर खर्ची पडली आणि उरलेला सारा संघ बाकीच्या रकमेत बसवावा लागला. लिलावातील चार गटांच्या मूळ किमती ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख अशा होत्या. कित्येकांच्या नावावर बोलीच लागत नाही. ज्यांच्यावर लागते त्यांनाही पुढील लिलावाच्या वेळी संघ राखील की सोडील, याची शाश्वती नसते.

नऊ लाख रुपये ही गावातील तरुणाला लहान रक्कम वाटत नाही. पण ती एका हंगामाची आहे आणि कबड्डीपटूचे आयुष्य थोड्या हंगामांचे असते. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यातील कारागीरही हंगामावरच जगतो. मात्र त्याचा हात वयाबरोबर सफाईदार होत जातो. कबड्डीपटूचे भांडवल म्हणजे त्याचे शरीर, आणि ते दरवर्षी घटत जाते. म्हणूनच रकमेइतकेच महत्त्व कराराच्या अटींना आहे. दुखापत झाल्यास शस्त्रक्रियेचा खर्च कोणी सोसावयाचा? हंगामाच्या मध्यात खेळाडू जायबंदी झाला तर उरलेले मानधन मिळणार काय? गावच्या जत्रेतील सामन्यात उतरण्यास त्याला मुभा आहे काय? हे प्रश्न सही करण्यापूर्वी विचारावयाचे असतात, नंतर नव्हे.

या बाबतीत दूरच्या देशांतील एक उदाहरण उद्बोधक आहे. उत्तर अमेरिकेतील बर्फावरील हॉकीच्या व्यावसायिक खेळाडूंनी १९६७ सालीच आपली संघटना स्थापन केली. संघमालकांना वेतनावर मर्यादा हवी होती. तीवरून झालेल्या वादात २००४-०५ चा संपूर्ण हंगाम बुडाला. अखेरीस मर्यादा आली, पण ती वाटाघाटींतून, खेळाडूंच्या हक्कांसह आली. आपल्याकडे मर्यादा आहे. खेळाडूंच्या वतीने मालकांसमोर बसणारी तशी बलवान संघटना नाही. स्त्रियांची स्थिती तर अधिकच उपेक्षेची. २०१६ मध्ये याच लीगने तीन महिला संघांचा प्रयोग केला आणि तो तेथेच थांबला.

एका बाजूला जुनी नोकरी आक्रसत आहे. एअर इंडिया २०२२ मध्ये खासगी मालकीची झाली. अनेक आस्थापनांतील खेळाडूंची भरती पूर्वीसारखी राहिलेली नाही. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, परंतु त्याचा लाभ घेण्यास शैक्षणिक पात्रता लागते. दहावीनंतर पुस्तक मिटून मैदानावर गेलेल्या मुलाला लिलावाने नाकारले, तर हे दारही त्याला बंद असते.

म्हणून येथील शिक्षकांवर आणि क्रीडा संघटकांवर एक जबाबदारी येते. खेळणाऱ्या मुलाची पदवी पूर्ण होईल, अशा रीतीने त्याच्या हजेरीची व परीक्षांची सोय महाविद्यालयांनी केली पाहिजे. जिल्ह्यातील संघटनेने एखाद्या वकिलाच्या साहाय्याने करारातील कलमे खेळाडूला व त्याच्या आईवडिलांना मराठीत समजावून देण्याची व्यवस्था ठेवावी. गावोगावच्या चषकस्पर्धांच्या आयोजकांनी बक्षिसाच्या रकमेतून थोडा भाग बाजूस काढून खेळाडूंचा अपघात विमा उतरविण्यास काय हरकत आहे? यासाठी कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

गावाने आपल्या मुलाला पकड कशी करावी हे शिकविले. सही करण्यापूर्वी कागद वाचावा, हे शिकविणेही आता गावाचेच काम आहे. लिलावाची हातोडी क्षणात पडते. त्यानंतरची वर्षे मात्र त्या मुलाला रोह्यात किंवा पेणमध्येच काढावयाची असतात.