पाठीवरचं ओझं गेलं, कामाचं काय?

आपल्या कुरुंदवाडच्या घाटावरून समुद्र दिसत नाही, पण बंदरात कामाला गेलेली माणसं आपल्याही भागात आहेत.

पूर्वी मुंबईच्या गोदीत पोती पाठीवरून वाहायची. 1948 च्या गोदी कामगार कायद्यामुळं नोंदणी झाली, काम नसलेल्या दिवसाचाही भत्ता मिळू लागला. 1989 साली न्हावा शेवा बंदर सुरू झालं. तिथं माल कंटेनरमध्ये बंद असतो, क्रेन तो काही मिनिटांत उचलते. पाठ वाचली, पण हमालांच्या टोळ्यांचं काम गेलं. आता यंत्राचं शिक्षण लागतं, बरंचसं काम ठेकेदाराकडून मिळतं.

म्हणून पोरांना धाडताना आपण विचारूया: नेमणुकीचा कागद, प्रॉव्हिडंट फंड, अपघात विमा आहे का? आणि यंत्राला ताकद लागत नसेल, तर लेकीनंही का शिकू नये?