मोहल्ल्याची बैठक

मिरवणूक ही अख्ख्या गावाने मिळून उभी केलेली कला. लेझमाचा ठेका, ढोलताशा, झांजा, पालखीची सजावट, मोहरमचे ताजिये, ईदची रोषणाई, हे सगळं आळीतली आणि मोहल्ल्यातली माणसंच करतात. त्यासाठी कुणी नाट्यगृह बांधत नाही की तिकीट लावत नाही. मात्र तिचं पुढारपण कोणाच्या हाती आहे, यावर तिचं काय होणार हे ठरतं. हे कळायला मुंबईजवळच्या यंत्रमागांच्या भिवंडीने जेवढी किंमत मोजली, तेवढी महाराष्ट्रातल्या फार थोड्या गावांनी मोजली असेल.

7 मे 1970 रोजी भिवंडीत शिवजयंतीची मिरवणूक निघाली. आसपासच्या गावांतून हजारो माणसं आली होती, अनेकांच्या हातात भगवे झेंडे लावलेल्या काठ्या होत्या. मिरवणूक मशिदींवरून कशी न्यायची, गुलाल कुठे उधळायचा, घोषणा कोणत्या द्यायच्या, यावरून आधीची काही वर्षं गाव धुमसतच होतं. त्या दिवशी ते पेटलं. आग जळगाव आणि महाडपर्यंत पोचली. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या आयोगाने या दंगलींची सविस्तर चौकशी केली. तरीही मे 1984 मध्ये पुन्हा तेच झालं. भिवंडी, ठाणे, कल्याण आणि मुंबईत मिळून अडीचशेच्या वर माणसं गेली. यंत्रमाग जळाले, झोपड्या जळाल्या.

भिवंडी समजून घ्यायची तर तिथे कोण राहतं ते आधी पाहावं लागतं. खाडीकाठचे जुने कोकणी मुसलमान. भोवतालच्या गावांतले आगरी, कोळी, कुणबी. तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर. उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी. मागवाला, कामगार, घरोघरी कांड्या भरणाऱ्या बाया आणि सूत पुरवणारा व्यापारी हे सगळे एकाच धाग्यात अडकलेले. एकाचा माग बंद पडला की दुसऱ्याची चूल अडते. एवढा रोजचा व्यवहार असूनही दंगल झाली, कारण व्यवहार कारखान्यात होता आणि राहणं वेगवेगळ्या मोहल्ल्यांत. संध्याकाळी एकत्र बसायला जागाच नव्हती.

1988 मध्ये सुरेश खोपडे भिवंडीचे पोलीस उपायुक्त झाले. शांतता समित्या तेव्हाही होत्या. पण दंगलीची चाहूल लागली की पुढारी, नगरसेवक, मौलवी, महंत यांना पोलीस ठाण्यात बोलवायचं, चहा द्यायचा, आवाहन काढायचं, एवढाच त्यांचा जीव. खोपडे यांनी ही रीत उलटी केली. शहराची मोहल्लावार विभागणी करून त्यांनी सुमारे 70 मोहल्ला समित्या उभ्या केल्या. एकेका समितीत साधारण पन्नास माणसं, त्यांतली निम्मी हिंदू आणि निम्मी मुसलमान. ज्याचं नाव वर्तमानपत्रात येत नाही, ज्याला निवडणूक लढवायची नाही, पण ज्याचं गल्लीत ऐकलं जातं, असा माणूस त्यांना हवा होता.

मला यातली सगळ्यांत धीट गोष्ट दुसरीच वाटते. समितीची जबाबदारी वरिष्ठ अधिकाऱ्यांनी स्वतःकडे ठेवली नाही, ती खालच्या पोलिसांवर टाकली. ज्या हवालदाराचं काम आजवर हुकूम ऐकणं आणि काठी चालवणं एवढंच होतं, त्याला आता बसून ऐकायचं होतं. नळाचं भांडण, भिंतीचा वाद, पोरांची मारामारी, नवराबायकोचा तंटा, असले विषय बैठकीत यायचे. वरवर पाहिलं तर यात धर्माचा काही संबंध नाही. पण दंगलीची ठिणगी बहुतेक वेळा अशाच भांडणावर पडते. दोन घरांचं भांडण दोन धर्मांचं होण्याआधी दोन्ही बाजूंची माणसं ओळखीची झालेली असली, तर अफवेला विचारणारा कुणीतरी असतो. काहीच घडत नसताना बैठक भरवणं, यातच या संस्थेचं बळ होतं.

कसोटी लागली ती डिसेंबर 1992 मध्ये. खोपडे यांची तोवर बदली झाली होती, भिवंडीची सूत्रं गुलाबराव पोळ यांच्याकडे होती आणि त्यांनी समित्यांचं काम पुढे चालू ठेवलं होतं. 6 डिसेंबरला बाबरी मशीद पाडली गेली. मुंबईत त्या महिन्यात आणि पुढच्या जानेवारीत सुमारे नऊशे माणसं मारली गेली. सगळ्यांनी ज्या गावाची धास्ती घेतली होती ती भिवंडी मात्र शांत राहिली. खोपडे यांनी पुढे या अनुभवावर पुस्तक लिहिलं आणि त्याच्या नावातच प्रश्न विचारला: ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ अमेरिकेत शिकवणारे राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनीही हिंदू-मुस्लिम हिंसेवरच्या आपल्या 2002 च्या ग्रंथात भिवंडीची नोंद घेतली आहे. समाजात आपोआप विणले न गेलेले संबंध प्रशासन पुढाकार घेऊन विणू शकतं, याचं हे त्यांना दिसलेलं उदाहरण.

भिवंडीतून हा विचार मुंबईत गेला. दंगलींनंतर माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि शांततेसाठी काम करणाऱ्या सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने तिथे मोहल्ला समित्यांची चळवळ सुरू झाली. पोलीस आणि वस्त्यांतली मुलं एकत्र खेळतील असे क्रिकेटचे सामनेही तिने भरवले.

धारावीत या कामाने कलेचं रूप घेतलं. तिथे भाऊ कोरडे आणि वकार खान हे दोन मित्र होते. कोरडे धारावीतले जुने कार्यकर्ते, खान तयार कपड्यांच्या धंद्यातले. दोघांपैकी कुणी चित्रकार नव्हता की कलेचं शिक्षण घेतलेला नव्हता. खान यांनी चार लहान मुलांना हिंदू, मुसलमान, शीख आणि ख्रिस्ती वेश चढवले, त्यांचा एकत्र फोटो काढला आणि त्याचं पोस्टर केलं. कपडे शिवणाऱ्या माणसाला वेश किती बोलतो हे नेमकं ठाऊक असणार! ते पोस्टर पोलीस ठाण्यांपर्यंत पोचलं. अंजली मोंतेरो आणि के. पी. जयशंकर यांनी या दोघांच्या मैत्रीवर आणि कामावर 2003 मध्ये ‘नाता’ हा माहितीपट केला. जाणकारांना ते पोस्टर भाबडं वाटेल. मला ते तसं वाटत नाही. जिथे शेजारी शेजाऱ्याला घाबरून पळाला होता, त्याच वस्तीतल्या माणसाने ते बनवलं होतं, आणि बघणाऱ्यांना त्यातली मुलं आपल्याच गल्लीतली वाटत होती.

भिवंडीची गोष्ट मात्र इथे सुखाने संपत नाही. अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभी राहिलेली संस्था त्याच्या बदलीनंतर किती टिकेल, हा प्रश्न पहिल्या दिवसापासून होता. जुलै 2006 मध्ये कोटरगेटजवळ पोलीस ठाण्याच्या जागेवरून वाद पेटला. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसं मेली आणि जमावाने दोन पोलिसांना ठार मारलं. यात हिंदू-मुसलमान समोरासमोर नव्हते. वाद पोलीस आणि मोहल्ला यांच्यातला होता, म्हणजे समित्यांनी जे नातं आधी बांधलं होतं नेमकं तेच तुटलं होतं. ज्या हवालदाराने गल्लीत बसून भांडणं ऐकायची, तो पुन्हा फक्त बंदोबस्तापुरता दिसू लागला की हे होणारच.

आता भिवंडीही बदलली आहे. अनेक माग बंद पडले, भंगारात गेले. मुंबई-नाशिक रस्त्याच्या आजूबाजूला, पूर्णा-काल्हेर-माणकोलीच्या पट्ट्यात मोठमोठी गोदामं उभी राहिली. तिथे माल चढवणारा तरुण बिहार, बंगाल, ओडिशाहून येतो, खोलीत पाच-सहा जणांबरोबर राहतो आणि सणाला गावी जातो. त्याची मिरवणूक इथे नाही, त्याला गल्लीत कुणी ओळखत नाही, आणि अफवा त्याच्यापर्यंत मोबाइलवरून सगळ्यांत आधी पोचते. समितीतल्या पन्नास जणांची यादी आज नव्याने करायची झाली तर पहिलं नाव त्याचं घालावं लागेल. त्याच्यानंतर कांड्या भरणाऱ्या बाईचं, कारण कुठल्या घरात काय शिजतंय हे गल्लीत तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. आणि बैठकीची जबाबदारी घेणारा म्हणून पोलीस ठाण्याच्या प्रमुखाऐवजी त्या भागातल्या हवालदाराचं नाव लिहावं लागेल.