बाळाचा श्वास मोजा

पावसाळ्यातली एक रात्र अजून डोळ्यांसमोर आहे. पलीकडच्या वस्तीवरचे एक जोडपे महिन्याच्या आतले बाळ घेऊन माझ्या दवाखान्यात आले. नदीला पाणी होते, त्यातून वाट काढत आले होते. बाळाचे ओठ निळे पडलेले. तीन दिवस धाप होती, पोट उडत होते, अंगावर पिणेही बंद झाले होते. ऑक्सिजन लावला, इंजेक्शन दिले; पण पहाटे बाळ गेले. ‘‘एवढा उशीर का केलात?’’ मी जरा रागानेच बोललो. बाप खाली मान घालून म्हणाला, ‘‘डॉक्टरसाहेब, उशीर होतोय हेच कळलं नाही.’’

खेड्यात वैद्यकीय सेवा पोचत नाही म्हणजे रस्ता नाही, डॉक्टर नाही, पैसा नाही, एवढेच आपण धरतो. ते खरेच आहे. पण दुखणे गंभीर आहे हे ओळखणारे माणूसच जवळ नसेल, तर दारात गाडी उभी असूनही उपयोग नाही.

यावर उपाय आपल्याच महाराष्ट्रात सापडला. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात गावातल्याच बायांना शिकवून तयार केले. त्या घरी जाऊन बाळाचे वजन करीत, ऊब व अंगावरचे दूध याकडे लक्ष देत आणि जंतुसंसर्ग ओळखून औषधही देत. अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी तर श्वास मोजायचे साधे साधन केले होते: एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि मण्यांच्या ओळी. दर १० श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिट संपण्याआधी लाल मणी सरकला की निमोनियाची शंका घ्यायची. नवजात बाळांच्या घरगुती काळजीचे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्रयोगाच्या तिसऱ्या वर्षी, तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

पुढे २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून गावोगावी आशाताई आल्या. २०११ पासून नवजात बाळाच्या गृहभेटी त्यांच्या कामात आल्या. बाळंतपण दवाखान्यात झाले असेल तर ३, ७, १४, २१, २८ व ४२व्या दिवशी आशाताई घरी येते. घरी झाले असेल तर पहिल्या दिवशीही. तिला दारातूनच ‘‘सगळं बरं आहे’’ म्हणून परत पाठवू नका. बाळ उघडून दाखवा, वजन करू द्या.

आपणही श्वास मोजू शकतो. बाळ शांत असताना पोटाची हालचाल पाहत, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले तर दवाखाना गाठा. तान्ह्या बाळाचे ६० भरले तर लगेच पुन्हा एकदा मोजून खात्री करा.

श्वास मोजत बसू नये अशीही लक्षणे आहेत: बाळ दूध ओढत नाही, छाती आत ओढली जाते, अंग गार पडते किंवा तापते, बाळ मलूल होते, झटके येतात, ओठ निळे पडतात. यांपैकी एकही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. १०८ किंवा १०२ ला फोन करा. या गाड्यांना पैसे पडत नाहीत. वाटेत बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून पांघरूण घाला, पीत असेल तर पाजत राहा. पोटावर डाग देणे, धुरी देणे हे प्रकार अजिबात नकोत.

आपल्यापैकी बहुतेकांचे कोणी ना कोणी वस्तीवर, पाड्यावर राहते. या आठवड्यात तिकडे जाणे झाले तर हे ६०, ५० आणि ४० चे आकडे तेवढे त्यांच्या भिंतीवर लिहून या.