भिंतीतला नव्वद वॅटचा दिवा

ओहमचा नियम मी प्रयोगवहीत दोन वेळा लिहिला आहे, एकदा बारावीला आणि एकदा पदवीच्या पहिल्या वर्षाला. दोन्ही वेळा आलेख सरळ आला, सरांनी सही केली आणि वही मिटली. तो नियम घरातल्या माणसांच्या किती उपयोगाचा आहे, हे मला कळले ते सचिनला, मावशीच्या खोलीत.

सचिन हे गाव सुरतेच्या दक्षिणेला, मुंबई-अहमदाबाद रेल्वेमार्गावर आहे. एके काळी ते सिद्दी नवाबांचे संस्थान होते. आज तेथे मोठी औद्योगिक वसाहत असून कापड विणण्याचे व रंगविण्याचे कारखाने आहेत. पोटासाठी खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे सुरतेच्या परिसरात पुष्कळ आहेत. आमची मावशी नंदुरबारला दिलेली. काका मागावर कामाला लागले आणि बिऱ्हाड सचिनला आले.

नाताळच्या सुट्टीत मी तेथे गेलो होतो. काका रात्रपाळी करून येत, तेव्हा मावशी बादलीत रॉड टाकून पाणी तापवी. पण पाणी लवकर तापेना. मावशी म्हणाली, "रॉड म्हातारा झालाय रे. आता दोन हजार वॅटचाच आणायचा." सॉकेटला हात लावला तर तो कोमट लागला. "थंडीत बरंच आहे की," असे म्हणून काका हसले.

रॉडवर 230 व्होल्ट, 1000 वॅट असे छापले होते. मी कागद घेतला. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले करंट. म्हणून करंट = 1000 ÷ 230, म्हणजे सुमारे 4.3 अँपिअर. रोध म्हणजे व्होल्टेज भागिले करंट. तो आला सुमारे 53 ओहम. आता प्रत्यक्षात काय आहे ते पाहायचे होते.

काकांच्या कारखान्यातला वायरमन शेजारीच राहत असे. तो क्लॅम्प मीटर घेऊन आला. हा मीटर एकाच तारेभोवती धरावा लागतो. दोन्ही तारा एकत्र धरल्या तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडून काढतात आणि मीटर शून्य दाखवतो. त्याने प्रथम रॉड न लावता व्होल्टेज मोजले. ते भरले 230. "सप्लाय तर बरोबर आहे," काका म्हणाले. मग रॉड चालू करून पुन्हा मोजले, तर सॉकेटपाशी 207 व्होल्ट आणि करंट 3.9 अँपिअर! त्याच वेळी मीटरच्या बोर्डावर मात्र 230 कायम होते.

207 ÷ 3.9 = 53 ओहम. म्हणजे रॉड म्हातारा झालेला नव्हता. त्याचा रोध होता तेवढाच होता. त्याला मिळणारी शक्ती मात्र 207 × 3.9, म्हणजे सुमारे 807 वॅट होती. मग बोर्ड आणि सॉकेट यांच्या मध्ये 23 व्होल्ट गेले कोठे? तेथला रोध 23 ÷ 3.9, म्हणजे 5.9 ओहम, आणि तेथे खर्च होणारी शक्ती 23 × 3.9, म्हणजे जवळजवळ 90 वॅट. रॉड बंद असताना करंटच नव्हता, म्हणून ही तूटही दिसत नव्हती.

हा रोध तारेचा असेल का? एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे 0.017 ओहम असतो. जाऊन-येऊन वीस मीटर तार धरली तरी 0.34 ओहमच होतो. तेव्हा दोष तारेचा नव्हता, कोठल्या तरी एका सांध्याचा होता. नव्वद वॅटचा दिवा हातात धरवत नाही. येथे तेवढी उष्णता भिंतीतल्या पेटीत, एका चिमटीएवढ्या जागेत कोंडली होती.

वायरमनने मेन स्विच बंद करून सॉकेट उघडला. स्क्रू सैल झालेला, तार काळी पडलेली आणि तिच्यावरचे प्लास्टिक वितळून चिकटलेले. मावशी काही वेळ बोललीच नाही.

"मग फ्यूज कसा उडाला नाही?" काकांनी विचारले. हा प्रश्न महत्त्वाचा आहे. फ्यूज करंट वाढला की उडतो. येथे तर करंट 4.3 वरून 3.9 वर उतरला होता! सैल सांधा फ्यूजला कळत नाही.

शिवाय मावशीने दोन हजार वॅटचा रॉड आणला असता तर? त्याचा रोध 26.5 ओहम. सांध्याचे 5.9 मिळवले की 32.4, करंट 7.1 अँपिअर. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे जूलने 1841 च्या सुमारास दाखवून दिले. 7.1 × 7.1 × 5.9 म्हणजे सुमारे 300 वॅट, त्याच चिमटीएवढ्या जागेत.

नवा सॉकेट बसवल्यावर रॉड चालू असताना 228 व्होल्ट आणि 4.3 अँपिअर भरले, म्हणजे 980 वॅट. जुन्याच रॉडने पाणी लवकर तापू लागले.

हा साधा गुणाकार रॉड, इस्त्री, शेगडी यांना लागू पडतो. मागाच्या मोटारीला तो तसाच लावता येत नाही. तेथे पॉवर फॅक्टरही धरावा लागतो. पण आपल्या घरी किंवा वसतिगृहात इस्त्री लावल्यावर सॉकेट तापत असेल, जळका वास येत असेल, तर मोठे उपकरण आणण्याआधी वायरमनला बोलवा. मोजमाप त्याला करू द्या, कारण उघड्या तारेशी खेळ नको. भागाकार आणि गुणाकार मात्र आपण करावा. तो आपल्याला येतो.