सुरतच्या हरमीतला ऑलिंपिकसाठी ३१ वर्षे का लागली?

पॅरिस ऑलिंपिकच्या टेबल टेनिस एकेरीत २७ जुलै २०२४ रोजी सुरतच्या हरमीत देसाईने जॉर्डनच्या झैद अबू यमनला ४-० असे हरविले. पुढच्याच फेरीत फ्रान्सच्या फेलिक्स लेब्रूनने त्याला त्याच फरकाने नमविले. वयाच्या ३१ व्या वर्षी पहिले ऑलिंपिक आणि एकेरीचे दोन सामने.

ऑलिंपिक एकेरीत एका देशाचे दोनच खेळाडू उतरू शकतात. टोकियोत भारताच्या या जागा शरथ कमल आणि जी. साथियान यांच्याकडे होत्या. तिसऱ्याने घरी बसायचे, मग तो कितीही गुणी असो. हरमीतच्या बाबतीत तर हा तिसरा क्रमांक फसवाच होता. कटकच्या २०१९ च्या राष्ट्रकुल अजिंक्यपद स्पर्धेत त्याने अंतिम सामन्यात साथियानलाच हरविले होते. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला सिंगापूरविरुद्ध सांघिक सुवर्णपदक पक्के करणारा सामनाही त्यानेच जिंकला.

परंतु जागतिक क्रमवारी असल्या एकेका दिवसावर ठरत नाही. तिच्यासाठी ५२ आठवड्यांतील सर्वोत्तम आठ निकाल धरतात. वर्ष उलटले की ते गुण गळून पडतात. ग्रँड स्मॅशच्या विजेत्याला २००० गुण, तर तळच्या फीडर स्पर्धेच्या विजेत्याला अवघे १२५. मोठ्या स्पर्धेत थेट प्रवेश हवा तर क्रमवारी वर हवी आणि क्रमवारी वर न्यायची तर मोठ्या स्पर्धा खेळायला हव्यात. या कोंडीत मधल्या फळीचा खेळाडू वर्षभर विमानतळ आणि पात्रता फेऱ्या यांतच अडकतो. प्रवास व सराव यांचा खर्च बक्षिसांतून भागणे कठीण. म्हणूनच आपल्याकडे तेल कंपन्यांच्या पेट्रोलियम क्रीडा मंडळासारख्या संस्थांचा आधार मोलाचा ठरतो. राष्ट्रीय स्पर्धांत हरमीत या मंडळाकडूनच खेळत आला आहे.

यातली एक पायरी गोमंतकीयांनी घरच्या अंगणात पाहिली. २०२३ आणि २०२४ मध्ये गोव्यात स्टार कंटेंडर स्पर्धा झाली. तिच्या विजेत्याला ६०० गुण मिळतात. शिवाय यजमान देशाच्या वाट्याला काही वाइल्ड कार्ड येतात, त्यामुळे भारतीयांना परदेशवारीविना अव्वल प्रतिस्पर्धी भेटतात. २०२५ मध्ये ही स्पर्धा चेन्नईला गेली आणि तेथे सुरतच्याच मानव ठक्करने एकेरीची उपांत्य फेरी गाठली.